जुना क्रोनोग्राफ घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी इंदूरला सुदामानगरात राहतो, नोकरी पीथमपूरच्या कारखान्यात. वय ३६. यंदाचा बोनस आणि मुदत संपलेली एक ठेव मिळून सहा लाख रुपये हातात आहेत. ओळखीतल्या एका गृहस्थांकडे ओमेगा कंपनीचं स्पीडमास्टर प्रोफेशनल हे क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ आहे, २०१६ साली दुबईत घेतलेलं. डबा आणि वॉरंटी कार्ड आहे, बिल नाही. साडेचार लाख मागतात. ‘नुकतंच पॉलिश करून घेतलंय, अगदी नव्यासारखं आहे, दहा वर्षांत दुप्पट होईल,’ असं त्यांचं म्हणणं. आई म्हणते, त्यापेक्षा सराफ्यात जाऊन सोनं घे. घड्याळांचं मला मनापासून वेड आहे, पण पैसे बुडवायचे नाहीत. फोटो सोबत पाठवतोय. काय करू? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : फोटो पाठवलेत ते बरं केलंत. फोटोंवरून तरी घड्याळ नकली वाटत नाही. पण साडेचार लाखांना हे घेऊ नका. कारण त्या गृहस्थांनी कौतुकानं सांगितलेल्या गोष्टीतच आहे : पॉलिश.

स्पीडमास्टरच्या केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, पट्टा अडकवायचे चार कान असतात. ते सरळ नसतात, पीळ दिल्यासारखे वळतात. कानाची वरची पट्टी आरशासारखी असते आणि बाजूची भिंत बारीक रेघांची, बिनचमकेची. या दोन्हींच्या मधली कड कारखान्यातून निघताना अशी असते की नख फिरवलं तर जाणवावी. आता तुमच्या तिसऱ्या फोटोतला खालचा डावा कान बघा. तिथे कड उरलेलीच नाही. वरची चमक ओघळून बाजूवर आली आहे आणि रेघा पुसल्या गेल्या आहेत. कुणीतरी केस बफच्या चाकावर धरली, दोन-चार मिनिटांत ओरखडे गेले आणि ओरखड्यांबरोबर धातूही गेला. तो परत येत नाही.

राजवाड्याजवळच्या आमच्या दुकानात लग्नसराई आली की लोक घड्याळं घेऊन येतात आणि ‘जरा चमकवून द्या’ म्हणतात. रोजच्या वापराचं साधं घड्याळ असेल तर मी खुशाल चमकवून देतो. असा क्रोनोग्राफ असला तर समजूत घालून तसाच परत देतो. माझे वडीलही तेच करायचे. ओरखडे असलेली केस जाणकार आनंदानं घेतो, कारण ती कुणी छेडलेली नाही हे त्याला दिसतं. कड गेलेली केस तो बाजूला सारतो, घेतलीच तर भाव पाडून घेतो. तुम्ही विकायला जाल तेव्हा समोर असाच जाणकार बसलेला असेल.

दुप्पट होण्याचा हिशेबही मांडून बघू. घड्याळ ४,५०,००० ला घेतलं. यांत्रिक क्रोनोग्राफला पाच-सात वर्षांनी पूर्ण सर्व्हिसिंग लागतं. कंपनीच्या अधिकृत केंद्रात त्याचे ५०,००० च्या पुढेच होतात, आपण ६०,००० धरू. म्हणजे तुमचे ५,१०,००० गुंतले. विकताना व्यापारी बाजारभाव देत नाही, त्याला स्वतःचा नफा काढायचा असतो. चांगल्यातल्या चांगल्यानं रुपयाला ८५ पैसे दिले असं धरलं, तर तुमचे ५,१०,००० नुसते परत यायला बाजारभाव ६,००,००० व्हायला हवा. साडेचारावरून सहावर गेलं तरी तुमच्या हाती नफ्याचा एक पैसा नाही, आणि मधल्या वर्षांचं व्याज मी अजून धरलेलंच नाही. ‘घड्याळाचा भाव वाढला’ आणि ‘मला फायदा झाला’ यांत एवढं अंतर असतं. विकणारा ते सांगत नाही.

भाव वाढतोच असंही नाही. २०२० पासून २०२२ च्या सुरुवातीपर्यंत जगभर जुन्या घड्याळांचे भाव नुसते उसळले; रोलेक्सच्या डेटोना या स्टीलच्या क्रोनोग्राफला दुकानातल्या किमतीच्या दुपटीहून जास्त मिळू लागले. त्याच वर्षी ते उतरायला लागले आणि चढ्या भावात ज्यांनी घेतलं ते अडकले. त्याआधीचा काळ तर तुमच्या पिढीला ठाऊकही नसेल. १९६९ साली झेनिथ या स्विस कंपनीनं ‘एल प्रिमेरो’ हे स्वयंचलित, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं, क्रोनोग्राफ मशीन काढलं, तासाला ३६,००० ठोक्यांचं, सेकंदाचा दहावा भाग मोजणारं. सहाच वर्षांत क्वार्ट्झच्या, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांच्या लाटेपुढे त्याला कुणी विचारेना. १९७५ साली कंपनीच्या अमेरिकन मालकांनी ते बंद करून अवजारं मोडीत काढायला सांगितली. चार्ल्स व्हर्मो नावाच्या कारागिरानं साचे, कॅम (मशीनमधल्या खास आकाराच्या चकत्या) आणि आराखडे गुपचूप कारखान्याच्या माळ्यावर नेऊन लपवले. १९८८ साली रोलेक्सनं डेटोना स्वयंचलित केलं, तेव्हा त्यात हेच मशीन, सुधारून, बसलं. व्हर्मोची ही हकिगत मी दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो, कारण आमच्या धंद्यात असं धाडस करणारी माणसं फार थोडी. गुंतवणूक करणाऱ्यानंही ती ऐकावी : आज ज्याला लाखो मिळतात ते मशीन एकदा भंगाराच्या भावात निघालं होतं.

स्पीडमास्टरचं आणखी एक आहे. ते १९५७ पासून निघतंय आणि आजही नवं मिळतं. त्यामुळे त्याची टंचाई नाही. कंपनी अधूनमधून नव्याची किंमत वाढवते आणि जुन्याचा भाव तिच्यामागून सरकतो, इतकंच. त्यात आता स्वित्झर्लंडसह युरोपातल्या चार देशांशी झालेला भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. नवंच स्वस्त पडू लागलं तर जुन्याला जास्त कोण देईल?

आईंचं म्हणणं म्हणूनच डावलू नका. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो आणि सराफ्यात कुठेही गेलात तरी त्या भावाच्या आसपास तासाभरात पैसे हातात पडतात. घड्याळाला गिऱ्हाईक शोधावं लागतं, त्याला तेच मॉडेल हवं असावं लागतं, आणि तोवर थांबायची तुमची ऐपत असावी लागते. हे सहा लाख म्हणजेच तुमची सगळी शिल्लक असेल तर आत्ता घड्याळ नको. अडीअडचणीचे पैसे वेगळे ठेवलेले असतील तर मात्र स्पीडमास्टर हा क्रोनोग्राफ जरूर घ्यावा असा आहे; १९६५ साली नासानं अंतराळवीरांसाठी पसंत केलेलं आणि १९६९ साली बझ ऑल्ड्रिनच्या मनगटावर चंद्रावर गेलेलं हे घड्याळ, आणि बांधणी अशी की दुरुस्त करणाऱ्याला आजही सुख वाटतं. पण या पॉलिश केलेल्या, बिल नसलेल्या नगाला मी साडेतीन लाखांच्या वर गेलो नसतो. ते गृहस्थ तयार नसतील तर नमस्कार करून उठा. कडा शाबूत असलेलं दुसरं मिळतं, थोडं थांबावं लागतं.

आणि कोणतंही घेतलंत तरी पाठ उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. या मॉडेलची पाठ बंद असते, मशीन बाहेरून दिसत नाही. आत १८६१ क्रमांकाचं मशीन हवं, रुपेरी रंगाचं. तांबूस निघालं तर ते त्याच्या आधीचं ८६१, म्हणजे केस एका घड्याळाची आणि मशीन दुसऱ्याचं. आत प्लास्टिकचा एक छोटा भाग दिसेल. तो बघून ‘नकली, नकली’ म्हणून ओरडणारे मी पाहिले आहेत. तो क्रोनोग्राफचा ब्रेक आहे, डेल्रिन नावाच्या प्लास्टिकचा, आणि कंपनीनंच तसा बसवलेला आहे. वरची काच म्हणजे हेसलाइट, ॲक्रिलिकचा प्रकार. तिच्या बरोबर मध्यावर ओमेगाची खूण कोरलेली असते, इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. ती नसेल तर काच बदललेली आहे. कानाच्या मागच्या बाजूला कोरलेला क्रमांक वॉरंटी कार्डावरच्या क्रमांकाशी आकडा-आकडा जुळवा.

मग चावी पूर्ण भरून वरचं बटण दाबा. बटण जरा कडक लागेल. हे मशीन कॅमवर चालतं, त्यामुळे तो कडकपणा तिथला असतोच. मधला मोठा, क्रोनोग्राफचा काटा थोडा चालू द्या, थांबवा, खालचं बटण दाबा. काटा बाराच्या रेघेवर बरोबर यायला हवा. केसभर इकडे-तिकडे थांबला तर कुणीतरी काटा काढून पुन्हा बसवलाय किंवा काट्याला शून्यावर आणणारा आतला हॅमर झिजलाय. हे चार-पाचदा करा, कारण ढिला काटा पहिल्यांदा नीट येतो आणि तिसऱ्यांदा घसरतो. चावी ओढल्यावर छोटा सेकंदकाटा थांबत नाही, ते बरोबरच. थांबवता येणारं ३८६१ हे मशीन नेहमीच्या मॉडेलमध्ये २०२१ साली आलं. २०१६ च्या घड्याळात काटा थांबला तर विकणाऱ्याला जाब विचारा. शेवटी एखाद्या घड्याळवाल्याकडे टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, लावून घ्या. डायल वर ठेवून बॅलन्सचा, म्हणजे आत मागेपुढे डोलणाऱ्या चाकाचा, झोका २७० अंशांच्या वर असेल तर तब्येत उत्तम. क्रोनोग्राफ चालू केल्यावर वीसेक अंश उतरला तरी हरकत नाही. २२० च्या खाली गेला तर सर्व्हिसिंगचे पैसे ठरलेल्या किमतीतून वजा करा, आणि हे त्यांच्या तोंडावर सांगा.

प्रश्न : आजोबांचं सेकोचं दोन बटणांचं घड्याळ आमच्याकडे आहे, पाठीवर ६१३९ आकडा आहे. डायल पिवळट पडली आहे, आणि मोठा सेकंदकाटा चालतच नाही. लष्करमधला एक कारागीर डायलला नवा रंग मारून काटाही ‘चालू करून’ देतो म्हणतो. अशा जुन्या घड्याळांना हल्ली चांगले पैसे येतात असं ऐकलं. रंगवून घेऊ का? (एक वाचिका, ग्वाल्हेर)

उत्तर : नका. कृपा करून नका.

ताई, तुमच्या आजोबांकडे जे आहे ते १९६९ साली आलेल्या जगातल्या पहिल्यावहिल्या स्वयंचलित क्रोनोग्राफांपैकी एक. विल्यम पोग हा अमेरिकन अंतराळवीर १९७३ साली स्कायलॅब या अंतराळस्थानकावर गेला तेव्हा त्याच्याजवळ ६१३९ च होतं. या मशीनला वेगळा चालता सेकंदकाटा नसतोच. मधला मोठा काटा क्रोनोग्राफचा आहे. बटण दाबल्याशिवाय तो निघणार नाही. बहुधा काही बिघडलेलंच नाही, आधी वरचं बटण दाबून बघा. पाठीवरच्या क्रमांकाचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरा म्हणजे महिना. ओ, एन, डी ही अक्षरं असली तर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. घड्याळ सत्तरच्या दशकातलं आहे हे धरून नेमका महिना तुम्हाला घरबसल्या काढता येईल.

रंगवलेल्या डायलची घड्याळं बाजारात पोत्यानं पडली आहेत. परदेशातले संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि ऑनलाइन फोटो बघताक्षणी पुढे जातात. भिंगाखाली बघितलं की कळतं : कंपनीच्या नावाची अक्षरं जाड आणि किंचित तिरकी, मिनिटांच्या रेघा छोट्या डायलच्या कडेवर चढलेल्या, घड्याळ पन्नास वर्षांचं आणि रंग कालचा. पिवळट पडलेली मूळ डायल हीच त्या घड्याळाची किंमत आहे. मशीन साफ करून तेल घालून घ्या, फुटली असेल तर काच बदला, आणि डायलला हात लावायचा नाही असं कारागिराकडून पावतीवर लिहून घ्या. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागा. लाखो रुपये येतील अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही, पण रंगवल्यावर जे येतील त्याहून नक्की जास्त येतील. आणि खरं सांगू, आजोबांचं घड्याळ विकूच नका.

प्रश्न : दांडियाबाजारातल्या एका व्यापाऱ्याकडे जुना स्विस सोन्याचा क्रोनोग्राफ आहे, बारा लाख सांगतो. अर्धे रोख दिले आणि बिल मागितलं नाही तर दहाला देईन म्हणतो. पॉल न्यूमन या हॉलिवूडच्या नटाच्या घड्याळाला लिलावात आलेला आकडा ऐकवून ‘हे सोडू नका’ असा आग्रह चालू आहे. (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : व्यापारी बिल देत नसेल तर घेऊ नका, कितीही आवडलं तरी.

एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणजे तो व्यापारी स्वतःची मान अडकवून तुम्हाला सवलत देतोय. असा माणूस इतर कुठे काय लपवत असेल याचा विचार करा. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्यानं १ टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा करायचा आयकर, घ्यायचा असतो. तो वाया जात नाही, तुमच्या आयकरात वळता होतो. घड्याळ परदेशातून आलेलं असेल तर सीमाशुल्क भरल्याची पावतीही बघा. आणि गुंतवणूक म्हणून ठेवलेलं घड्याळ विकल्यावर कर कसा लागेल हे घेण्याआधी आपल्या सीएला विचारून ठेवा.

पॉल न्यूमनचं डेटोना २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरहून जास्तीला गेलं, हे खरं. पण ते कशामुळे? पत्नीनं ते दिलं, पाठीवर गाडी जपून चालवण्याचा मजकूर कोरून घेतला. न्यूमननं ते मुलीच्या मित्राला दिलं आणि त्यानंच ते लिलावात आणलं. कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलं याची एकही कडी तुटलेली नव्हती. आमच्या इंदूरच्या माणिकबाग महालाचंही तसंच. यशवंतराव होळकरांनी त्या महालासाठी बनवून घेतलेलं फर्निचर १९८० साली मोनॅकोत लिलावात निघालं, तेव्हा कोणती वस्तू कुठली हे सांगता येत होतं. (त्या महालात आज जीएसटी आणि सीमाशुल्काचं कार्यालय आहे.) उलट उदाहरण ओमेगाचंच घ्या. १९५७ सालचं एक स्पीडमास्टर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. खुद्द कंपनीनं ते आपल्या संग्रहालयासाठी घेतलं, आणि २०२३ मध्ये उघड झालं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून उभं केलेलं होतं. बनवणारी कंपनीही जिथे फसते, तिथे तुम्ही बिल नसलेल्या घड्याळाला दहा लाख देणार?

बाराला पक्क्या बिलासह मिळत असेल तर व्यापाऱ्याकडून लिहून घ्या की केस, डायल, काटे आणि मशीन मूळचेच आहेत, आणि अधिकृत केंद्रात तपासून तसं न निघाल्यास पैसे परत. प्रामाणिक व्यापारी हे लिहून देतो. हा देणार नाही असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : गेल्या वर्षी ब्रायटलिंग कंपनीचा जुना क्रोनोग्राफ घेतला. किंमत टिकावी म्हणून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे. योग्य केलं ना? (एक वाचक, देवास)

उत्तर : तिथे अंगठ्या-पाटल्या ठेवा, घड्याळ नको. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. भाडं २,००० असेल तर जास्तीत जास्त २ लाख. शिवाय वर्षानुवर्षं न हललेल्या मशीनमधलं तेल घट्ट होतं आणि पावसाळ्यात आपल्या माळव्यातही लॉकरच्या खोलीत दमटपणा येतो.

घरी ठेवा आणि घाला. आठवड्यातून एकदा चावी भरून क्रोनोग्राफ चालू करा, थांबवा, शून्यावर आणा. स्पीकर, मोबाइलचं चुंबकाचं कव्हर यांच्याजवळ ठेवू नका. घड्याळ अचानक पुढे पळायला लागलं तर बहुतेकदा चुंबकच कारण असतं आणि कोणताही घड्याळवाला ते काही क्षणांत उतरवून देतो. ओल्या हातानं बटणं दाबू नका. घराच्या विम्यात हे घड्याळ वेगळं नमूद करून घ्या. त्यासाठी बिल, क्रमांकाचा फोटो आणि मूल्यांकनाचं पत्र लागेल. मूल्यांकन दर दोन-तीन वर्षांनी नवं करून घ्या, नाहीतर दावा जुन्याच किमतीवर निघतो.